मागच्या सीटवरच्या अक्का

अक्का,

परवा तुमच्या घरी, तुम्ही गेल्यानंतरचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अंगणात मांडव होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या बाजूला तुमचा फोटो ठेवला होता. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशीचा, खांद्यावर शाळेने दिलेली शाल आणि चेहऱ्यावर 'आता आटपा लवकर' असा भाव असलेला. हेडसर बोलले. एवढी वर्षं शिपाई म्हणून नोकरी केली, पण शाळेचं कुलूप उघडायला एक दिवस उशीर झाला नाही, असं म्हणाले.

एक दिवस झाला होता. पण तेव्हाचे हेडसर दुसरे होते, आताच्यांना ते माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तो उशीर माझ्यामुळे झाला होता.

मग सुजाता म्हणाली, "मॅडम, तुम्ही आईबरोबर रोज जायच्या. दोन शब्द बोला ना." मी उभी राहिले. वर्गात सत्तर पोरांसमोर तासन्‌तास बोलणारी मी, "अक्का माझ्या गाडीवर मागे बसायच्या" एवढंच म्हटलं आणि पुढे तोंडातून शब्द फुटेना. कुणीतरी पाण्याचा पेला हातात दिला. मी बसले. जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

तुम्हाला आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा मला हात दाखवलात तो दिवस? मला शाळेत लागून चारच महिने झाले होते. अमळनेरहून शाळेचं गाव अठरा किलोमीटर, धुळ्याच्या रस्त्याला. आमच्या यांची नोकरी धुळ्याला, ते ऑफिसच्या गाडीने जायचे, त्यामुळे त्यांची जुनी मोटारसायकल घरी पडून होती. मी तीच शिकले. माहेरी नशिराबादला मी हायवेवर स्कूटी चालवलेली, पण मोटारसायकल माझ्या मानाने जड. पावसाळाभर कशीबशी नेली. दिवाळी झाली, सकाळची शाळा, सव्वासहाला निघायचं, बाहेर अजून अंधार. एका सकाळी धुळे रोडच्या नाक्यावर तुम्ही डोक्याला रुमाल बांधून उभ्या होतात. हातात शाळेच्या चाव्यांचा जुडगा.

"मॅडम, येऊ का मांगे?"

"एसटी नाही का या वेळेला?"

"तिचा काय भरोसा शे?" तुम्ही म्हणालात आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बसलातसुद्धा.

मला बरं वाटलं. आपण एका बाईमाणसाची सोय करतोय, असं वाटलं. खरं सांगते अक्का, पुढची आठ वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

पहिल्या दिवशी तुम्ही एका बाजूला पाय टाकून बसला होतात, साडीत सगळ्या बायका बसतात तशा. गाडी डावीकडे ओढत होती आणि मी हँडल उजवीकडे दाबत होते.  दुसऱ्या दिवशी साडीखाली सुजाताची निळी ट्रॅक पँट घालून आलात आणि पुरुषासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसलात. नाक्यावरचा चहावाला बघत राहिला. तुम्ही त्याला म्हणालात, "काय पाही राहिना? चहा उतू जाई राहिना तुना." त्याचा चहा खरंच उतू गेला होता.

तुमची अहिराणी मला तेव्हा निम्मीच कळायची. आमच्या नशिराबादची बोली वेगळी. पण मागून स्वेटर ओढलेला मात्र पहिल्या दिवसापासून कळला. एकदा ओढलं की हळू. दोनदा ओढलं की थांब.

तुम्ही आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. तरी थंडीत गाडी कशी न्यायची ते मला तुम्ही शिकवलंत, आणि तेही शिकवते असं न सांगता. एका सोमवारी कालचा पेपर आणलात, त्याच्या घड्या केल्यात आणि म्हणालात, "स्वेटरच्या आत टाक, छातीवर." मी हसले. फरशीपाशी, म्हणजे नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलापाशी, जिथे वारा नेहमी सुऱ्यासारखा आत शिरायचा, तिथे तो शिरला नाही. मग माझे लोकरीचे हातमोजे बघितलेत. "यातून वारा जास की." दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्या काढल्यात, त्या आधी हातात घालायला लावल्यात आणि वरून मोजे. पोरांनी पाहिलं तर काय म्हणतील, असं मी म्हटलं. "पोरं काय म्हणतीन ते राहू दे. बोटं काय म्हणतंस ते पाहाय."

ओढणीची टोकं तुम्ही स्वतः माझ्या स्वेटरमध्ये खोचायचात, चेनीत जाऊ नयेत म्हणून. निघाल्याबरोबर पहिल्या वळणाआधी दोन्ही ब्रेक हलके दाबून बघायला लावायचात, कारण रात्रभर दव पडून सगळं ओलं झालेलं असायचं. धुईत, दाट धुक्यात, मी मोठा लाइट लावला की मागून धपाटा. "सगळं पांढरं व्हई जास. लहान लाव." मी विज्ञानाची शिक्षिका. प्रकाशाचं विकिरण मी नववीला शिकवायचे. पण धुईत मोठा लाइट लावू नये हे मला तुमच्या धपाट्याने कळलं.

आणि अंगठ्याचं. तुमचे वडील थंडीवाऱ्यात सायकलवर दूध घालायचे. त्यांनी तुम्हाला लहानपणी सांगितलं होतं, की अंगठा करंगळीला टेकतोय तोवर हात आपला; टेकेनासा झाला की हात आपला नाही. फरशीच्या अलीकडे तुम्ही रोज मागून विचारायचात, "टेकस का?" मी एक हात सोडून बघायचे, मग दुसरा. टेकत नसेल तर थांबायचं, हात काखेत घालायचे, शंभर आकडे मोजायचे, मग निघायचं. शंभर आकडे तुम्ही मोठ्याने मोजायचात. साठनंतर तुमची गाडी अडखळायची आणि मी पुढे मोजायचे.

आपली भांडणंही कमी झाली नाहीत. मला घाई असायची. माझी घाई तुम्हाला पटायची नाही. "शाळा कोठे पळी जाई राहिनी का?" असं तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, "अक्का, चाव्या तुमच्याकडे आहेत, बोलणी तुम्हाला बसतील, आणि घाई मीच करतेय." तुम्ही म्हणायचात, "मी बोलणी खाईसन मोठी व्हयेल शे."

आता त्या दिवसाचं.

तिसरा हिवाळा होता. जानेवारी. आठ वाजता तपासणीला साहेब येणार होते. प्रयोगशाळेतले तक्ते मला सकाळी जाऊन लावायचे होते. मी आधीच उशिरा उठले होते आणि नाक्यावर तुम्हाला घेताना चांगलं बोललेही नव्हते. हातमोज्यांच्या आतल्या पिशव्या घालायला वेळ नाही, म्हणून तशीच निघाले होते. गावाबाहेर पडलो आणि धुई लागली. आधी विरळ, शेतांवर तरंगणारी. मग कालव्याच्या पुढे रस्ताच दिसेना. दोन्ही कडेची कपाशी गेली, झाडं गेली. हेल्मेटची काच आतून धुरकटली होती, मी ती वर केली तर डोळ्यांत पाणी यायला लागलं.

फरशीच्या अलीकडे तुम्ही विचारलंत, "टेकस का?"

मी म्हटलं, "हो, टेकतोय."

अक्का, टेकत नव्हता. मी बघितलंच नव्हतं. बोटं आहेत की नाहीत तेच मला कळत नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.

तुम्ही दोनदा स्वेटर ओढलात. मी थांबले.

"ऊन निंघू दे," तुम्ही म्हणालात. "अर्धा तास. काही दिसत नई."

"अर्धा तास? साहेब येणार आहेत, अक्का!"

"साहेबले बी धुई लागनीच आसीन ना."

"मला तक्ते लावायचे आहेत. तुम्हाला काय, कुलूप उघडलं की झालं."

हे मी बोलले. तुमच्या तोंडावर. तुम्ही गाडीवरून उतरलात. रागावला नव्हतात, रागावला असतात तर बरं झालं असतं. पदर सारखा केलात आणि म्हणालात, "मी नई बसनार. तू बी जाऊ नको."

"मग चाव्या द्या."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग जुडगा माझ्या पिशवीत टाकलात. मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि साठीकडे झुकलेल्या एका बाईला धुईत, फरशीपाशी, एकटीला सोडून गेले.

दोनशे-तीनशे मीटरही गेले नसेन. कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, टायर पंक्चर. दोघं जण खाली जॅक लावत होते. त्यांनी मागे बाभळीची फांदी टाकली होती, दगड ठेवले होते, त्यांनी त्यांचं काम केलं होतं. मला फांदी दिसली तेव्हा ती चाकाखाली होती. मी पुढचा ब्रेक दाबला. म्हणजे दाबायचं मनात आलं. बोटं वळलीच नाहीत. अशी हँडलवर आखडून राहिली, लाकडासारखी. मग पायाचा ब्रेक जोरात मारला, मागचं चाक ओल्या डांबरावरून सरकलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली. हेल्मेट ट्रॉलीच्या चाकावर आपटलं. डावा पाय गाडीखाली.

त्या दोघांनी गाडी उचलली, मला कडेला बसवलं. "बाई, लागलं का? बाई, कोणाला फोन लावू?" मी म्हणत होते, "मागे अक्का आहेत, मागे अक्का आहेत." त्यांना वाटलं मागे बसलेलं कुणीतरी फेकलं गेलंय. एक जण टॉर्च घेऊन कडेच्या चरात बघायला धावला.

मग धुईतून तुमच्या चपलांचा आवाज आला. तुम्ही पडण्याचा आवाज ऐकला होता आणि चालत, खरं तर पळत आला होतात. धाप लागली होती. मला वाटलं आता तुम्ही बोलणार, आणि बोला, असंच मला वाटत होतं. तुम्ही खाली बसलात, माझे मोजे ओढून काढलेत आणि माझे दोन्ही हात तुमच्या शालीखाली, तुमच्या काखेत घेतलेत. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पऱ्हाटी, कपाशीच्या वाळल्या काड्या, पेटवतो, शेका. तुम्ही म्हणालात, "नको भाऊ. बधिर हातले आच समजस नई. भाजी जातीन."

किती वेळ तशा बसलो माहीत नाही. बोटांत मुंग्या आल्या, मग असह्य ठणका. मी रडायला लागले. तेव्हा तुम्ही माझा उजवा हात बाहेर काढलात, माझा अंगठा धरलात आणि करंगळीकडे नेलात. मधे दोन बोटांचं अंतर राहिलं. तुम्ही ते अंतर बघितलंत. हात परत शालीत घेतलात. माझ्या त्या 'टेकतोय'बद्दल एक शब्द बोलला नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही.

थोड्या वेळाने मागून आपले खेळाचे सर आले. त्यांच्याकडे तुम्ही चाव्या दिल्यात आणि मला घेऊन उलट्या दिशेने अमळनेरला आलात, एका पिकअपमधून. घोट्याचं हाड तडकलं होतं. प्लास्टर घालेपर्यंत तुम्ही बाकावर बसून होतात. शाळा त्या दिवशी उशिरा उघडली. तुम्हाला लेखी मेमो मिळाला. तुम्ही सांगितलंत, मॅडमच्या पडण्याचा यात संबंध नाही, माझ्याकडूनच उशीर झाला. मला हे तीन आठवड्यांनी खेळाच्या सरांकडून कळलं. तुम्ही साखर घेऊन मला बघायला तीनदा घरी आला होतात, एकदाही मेमोचं बोलला नाहीत.

घरी सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, आता गाडी नाही. हे म्हणाले, विकून टाकू. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. प्लास्टर निघालं तरी गाडीची किल्ली हातात घ्यावीशी वाटत नव्हती. तेव्हा एका रविवारी तुम्ही आलात. चहा घेतलात. सासूबाईंना म्हणालात, "ताई, पोर गाडीमुळे पडनी नई. धुईमुळे पडनी. धुई काय रोज ऱ्हास नई." सासूबाई म्हणाल्या, "आणि परत पडली तर?"

"परत नई पडनार. उद्या मी बसस ना मांगे."

मी आत उभी राहून ऐकत होते. जिने तुम्हाला रस्त्यावर सोडलं, तिच्या मागे बसायला तुम्ही स्वतःहून आला होतात.

दुसऱ्या दिवशी मी गाडी इतकी हळू नेली की सायकलवाले पुढे गेले. फरशी आली. तुम्ही मागून विचारलंत, "टेकस का?" मी थांबून, मोजा काढून, नीट बघितलं. "टेकतोय," म्हटलं. "मंग चाल," तुम्ही म्हणालात. एवढंच.

एक वाद मात्र आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, अक्का, तुम्ही त्या दिवशी बसून राहिला असता तर मी एवढी जोरात गेले नसते. तुम्ही म्हणायचात, मी बसले असते तर दोघी पडलो असतो, आणि मग तुझे हात कोणी शेकले असते? मी म्हणायचे, मग मला अडवायचं, चाव्या द्यायच्या नाहीत. तुम्ही म्हणायचात, "चाव्या नई दिल्या असत्या तरी तू गेलीच असती." कोण बरोबर होतं ते अजूनही मला ठरवता येत नाही. आता एकटीनेच दोन्ही बाजू मांडत बसते.

तुम्ही निवृत्त झालात. या दिवाळीत फराळ घेऊन आले होते तेव्हा तुम्ही थकलेल्या दिसलात, पण बोलणं तेच. "मांगे कोन बसस आते?" मी म्हटलं, "कुणी नाही, एकटीच." तुम्ही दाराबाहेर माझ्या गाडीकडे बघत राहिलात. मला वाटलं, तुम्हाला शाळेची आठवण आली असेल. मी विषय बदलला, चकलीचं विचारलं. मग महिनाभरात सुजाताचा फोन आला.

परवा कार्यक्रम संपल्यावर पाहुणे गेले. मी आणि सुजाता ताटं विसळत होतो. मी सहज म्हटलं, "बरं झालं, आमची दोघींची सोबत झाली. त्या वेळेला एसटी नव्हती, अक्कांची पंचाईत झाली असती."

सुजाता हात थांबवून बघत राहिली. "मॅडम, एसटी होती की. सहा दहाची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. आई तिनेच जायची, बाबांच्या जागेवर लागली तेव्हापासून."

"मग माझ्या गाडीवर?"

"मी भांडले होते तिच्याशी. म्हटलं, या वयात थंडीचं कशाला गाडीवर जाते. गुडघे तर रोज शेकायला लागायचे तिला. तर म्हणे," आणि सुजाताने तुमच्यासारखा आवाज काढला, "'नवी पोर शे. अंधारमा येकली जास. मांगे कोन्हीतरी पाहिजे.'"

मी ताट तसंच ठेवलं, अक्का.

आठ हिवाळे मी समजत होते की मी तुम्हाला नेते. तुम्ही कधी तसं भासू दिलं नाहीत. उलट दर सणाला घरी पुरणपोळी आणून द्यायचात, 'गाडीवर बसवस रोज' म्हणून. आणि मी ती घ्यायचे.

मला तुमची क्षमा मागायची होती, त्या फरशीवरच्या सकाळची. दहा वेळा शब्द जुळवले, दहा वेळा राहून गेलं. आता सुजाताचं ऐकल्यापासून वाटतं, क्षमा तर तुम्ही माझे हात शालीत घेतलेत तेव्हाच करून टाकली होतीत. राहिलं ते आभार मानायचं. तुम्ही असताना मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "चाल, उशीर व्हई राहिना," आणि तेच ऐकायला मला आवडलं असतं.

आज सकाळी कालव्याच्या पुढे धुई होती. दाट. मी गाडी कडेच्या टपरीपाशी लावली, लाइट बंद केला आणि हेडसरांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा. "सर, धुई आहे. ऊन निघेपर्यंत मी थांबतेय. पहिला तास माझा आहे."

मला वाटलं, बोलतील.

"थांबा, थांबा मॅडम," ते म्हणाले. "मी वर्ग बघतो. सावकाश या."

एवढं सोपं होतं ते, अक्का. मी चहा घेतला. कपाशीवरून धुई हळूहळू उठली, आधी बाभळी दिसल्या, मग विजेचे खांब, मग रस्ता पार वळणापर्यंत. मी निघाले. वीस मिनिटं उशिरा पोचले. धडधाकट पोचले.